सबक पुढे सरकत नाही तेव्हा: दीनी शिक्षणात समुपदेशनाची तंत्रं कशी वापरावीत

मूल मागे पडायला लागलं की बहुतेक मक्तबांत (लहान मुलांच्या कुरआन-वर्गांत) आणि मदरशांत आधी नसीहत, म्हणजे उपदेश, होते. मग घरी निरोप जातो, मग ओरडा किंवा शिक्षा, आणि सगळं करून झाल्यावर कुणीतरी विचारतं, "बाळा, झालंय तरी काय?" समुपदेशनात हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि नसीहत बरीच उशिरा. तंत्रं सगळ्यांना थोडीफार ठाऊक असतात. चुकतो तो क्रम, म्हणून हा लेख क्रमावर भर देऊन लिहिला आहे.

नाझरा (कुरआन बघून वाचणं), हिफ्ज (कुरआन तोंडपाठ करणं) किंवा दीनियात (धर्माची मूलभूत माहिती) शिकवणारे उस्ताद, मुअल्लिमा (शिक्षिका) आणि घरी मुलांना पढवणारे पालक यांना तो वापरता येईल. एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. आपण उपचार करणार नाही आहोत. शिकवणाऱ्याने समुपदेशनाची काही साधनं उचलून आपल्या कामात वापरायची, एवढंच.

१. बोलण्याआधी आठवडाभर फक्त पाहा

"आळशी आहे", "दिलच लागत नाही याचं" ही निरीक्षणं नव्हेत, ते निकाल आहेत. वहीत निकाल लिहू नका, जे दिसलं ते लिहा: सबक (पाठ) कुठे अडला, दिवसाच्या कोणत्या वेळी अडला, अडल्यावर मुलाने काय केलं. "नवीन सबक बरोबर सुनावला, मंज़िल (आधीचे पाठ) सुनावताना तिसऱ्या रुकूपासून (परिच्छेदापासून) गप्प झाला, दोनदा पाणी प्यायला गेला" ही नोंद कामाची, कारण तिच्यातून कळतं की अडचण नव्या पाठांतराची नाही, जुन्याची आहे.

हिफ्जच्या मुलांची नोंद तीन रकान्यांत करा: सबक (आजचा नवीन पाठ), सबकी (अलीकडचे पाठ) आणि मंज़िल (जुने पारे, म्हणजे कुरआनचे भाग). "मन उडालंय" अशी तक्रार असलेल्या कितीतरी मुलांचं खरं दुखणं मंज़िलच्या रकान्यात सापडतं. मागचं कच्चं राहिलेलं असतं, ते मुलाला माहीत असतं आणि वर रोज नवीन पान चढत असतं. अशा मुलाला उत्साहाचं भाषण देऊन काही होत नाही.

त्याच आठवड्यात शरीराकडेही बघा. फळ्यावरचं किंवा मुसहफमधलं (कुरआनच्या प्रतीतलं) बारीक अक्षर दिसतं का? कारी साहेबांनी म्हणून दाखवलेला मखरज (अक्षराचा उच्चार) नीट ऐकू येतो का? झोप पुरते का? बे, ते, से यांच्या नुक्त्यांत (टिंबांत) किंवा जबर-जेर-पेशमध्ये (स्वरचिन्हांत) मूल सतत गोंधळत असेल, तर शाळेतल्या लिपीतही तसंच होतं का हे पालकांना विचारा. दोन्हीकडे होत असेल तर शिकण्यातल्या अडचणींची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागेल. ही बाब प्रेरणेची नाही आणि ईमानाची तर नाहीच.

तपासा: तुमच्या नोंदीत "आळशी", "बेफिकीर", "बदतमीज" यांपैकी एखादा शब्द आला आहे का? आला असेल तर खोडा आणि त्याच्या जागी नेमकं काय दिसलं ते लिहा.

२. जागा, वेळ आणि आधीचा करार

पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वेळ मात्र नीट निवडा. सबक चुकल्यावर लगेच नको, ओरडून झाल्यावर नको, अज़ान होऊन सगळे वज़ूला निघालेले असताना तर अजिबात नको. घाईतल्या मुलाला हे बोलणं म्हणजे चौकशीच वाटते.

जागा अशी हवी की तुम्ही दोघं इतरांना दिसाल पण ऐकू येणार नाही. वर्गाचा कोपरा, व्हरांडा, दार उघडं असलेली खोली. बंद दाराआड एकट्या मुलाशी बोलू नका. ही खबरदारी मुलासाठी आहे, तशी तुमच्यासाठीही.

मग करार, मुलाला समजेल अशा शब्दांत: "तू जे सांगशील ते मी वर्गात किंवा इतर उस्तादांना सांगत फिरणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, मारत असेल, किंवा तू स्वतःला इजा करशील अशी भीती वाटली, तर मला योग्य माणसाला सांगावंच लागेल. सांगण्याआधी तुला कळवेन." शेवटची अट लपवून ठेवू नका. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन दिलं आणि नंतर सांगावं लागलं, तर ते मूल पुन्हा कुणावर विश्वास टाकेल कशाला? शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर मुलांच्या घरच्या गोष्टी निघतात, त्यालाही हा करार लागू आहे. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत टेहळणी आणि गीबत (पाठीमागे निंदा) दोन्हींना एकत्रच मनाई आहे. आपण ती आयत मुलांना पाठ करवतो.

मुलींबाबत एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून जाते. वयात आलेली मुलगी महिन्यातले काही दिवस गैरहजर राहते किंवा सबक सुनवायला टाळाटाळ करते, आणि पुरुष शिक्षक सगळ्यांसमोर कारण विचारतात. ती खोटं बोलते, मग खोटं बोलल्याचा अपराधीपणा वेगळाच. हैज़च्या (मासिक पाळीच्या) दिवसांत कुरआनला हात लावणं आणि तिलावत करणं याबद्दल फिक्हच्या (धर्मशास्त्राच्या) मज़हबांत, म्हणजे पंथांत, मतभेद आहेत. तुमच्या संस्थेचं मत काय आहे ते मुअल्लिमेमार्फत आधीच सांगून ठेवा आणि त्या दिवसांसाठी पर्यायी काम ठरवा: ऐकणं, अर्थ समजून घेणं, दुआ, सीरत (प्रेषितांचं चरित्र). मुलीला विचारण्याची वेळच येऊ देऊ नका.

३. ऐका, आणि ऐकलेलं परत बोलून दाखवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला प्रश्न मोकळा ठेवा, म्हणजे हो-नाहीत संपणार नाही असा. "पाठ करतोस की नाही?" याला उत्तर एकच, "करतो उस्ताद". त्याऐवजी: "संध्याकाळी घरी पाठ करायला बसतोस तेव्हा काय काय होतं, सांग बरं." "का" ने सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळा. "का नाही केलंस?" म्हटलं की मूल सबब शोधायला लागतं. "कुठे अडलं?" म्हटलं की ते आठवायला लागतं.

मूल बोललं की आपला पुढचा प्रश्न लगेच टाकायचा नाही. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत द्यायचं. प्रेरणादायी मुलाखत नावाची समुपदेशनाची पद्धत विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केली. तिच्यात ढोबळ प्रमाण एका प्रश्नामागे असे दोन प्रतिसाद असं मानतात. आपल्याकडे प्रमाण एका उत्तरामागे तीन प्रश्न असं असतं, ते सोडा.

नमुना असा:

"मला येतच नाही उस्ताद. सगळे पुढे गेले."
"सगळे पुढे गेले आणि आपण एकटेच मागे राहिलो, असं वाटतंय."
"हो. आणि सुनवताना ते हसतात."
"म्हणजे पाठ होत नाही यापेक्षा सगळ्यांसमोर सुनवायचं, याचीच जास्त धास्ती आहे."
"...पाठ असतं खरं तर. समोर आलो की जातं."

दोन प्रतिसादांत अडचण बदलली. ती पाठांतराची नव्हतीच. "अरे मेहनत कर, अल्लाह मदद करेल" हे वाक्य पहिल्याच उत्तरावर आलं असतं, तर हसण्याची गोष्ट बाहेरच आली नसती. वाक्य चूक नाही. त्याची वेळ चूक होती.

प्रतिसाद देताना आवाज शेवटी खाली न्या. वर नेलात तर तोही प्रश्नच होतो. आणि पोपटासारखं तेच शब्द परत म्हणू नका, मुलांना ते चेष्टा केल्यासारखं वाटतं.

या टप्प्यात दाद द्यायची ती केलेल्या गोष्टीची. "माशाल्लाह, फार हुशार आहेस" पेक्षा "हसतात हे माहीत असूनही तू रोज समोर येऊन बसतोस" हे जास्त आत पोचतं. शेवटी सगळं दोन-तीन वाक्यांत एकत्र बांधा आणि विचारा, "मी काही सोडलं का?"

मुस्नद अहमदमध्ये हजरत अबू उमामा यांची एक रिवायत (त्यांनी सांगितलेली हदीस) आहे. एका तरुणाने प्रेषितांकडे, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, व्यभिचाराची परवानगी मागितली. उपस्थित लोक त्याच्यावर तुटून पडले. प्रेषितांनी त्याला जवळ बोलावलं, बसवलं, तुझ्या आईसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी हे तुला चालेल का असं एकेक करून विचारलं, आणि शेवटी त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. हे प्रश्न आजच्या अर्थाने मोकळे नव्हते, त्यांची दिशा ठरलेली होती. आधुनिक तंत्राचा शिक्का त्यावर मारायची गरज नाही. घेण्यासारखा आहे तो क्रम: जवळ घेणं, विचारणं, दुआ. फटकारणं त्यात नाही.

सावधान: मूल रडायला लागलं तर घाईने गप्प करू नका. शांत बसून राहा. "रडू नको, मुजाहिद आहेस ना तू" असली वाक्यं तर नकोच.

४. कारण मुलाच्या तोंडून येऊ द्या

आता दोन मोजपट्ट्या वापरायच्या, वेगवेगळ्या. "० ते १० मध्ये, हे शिकणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?" आणि "० ते १० मध्ये, हे तुला जमेल असं किती वाटतं?" एकच प्रश्न विचारला की दोन्ही गोष्टी मिसळतात आणि उपाय चुकतो.

मुलाने ४ म्हटलं समजा. तोंडातून आपोआप निघेल: "फक्त ४? ८ का नाही?" थांबा. या प्रश्नाला मूल न शिकण्याची कारणं देणार आणि स्वतःचीच कारणं ऐकून त्यांवर ठाम होणार. विचारा: "४ कशामुळे? २ का नाही म्हणालास?" आता त्याला शिकण्याच्या बाजूने बोलावं लागतं. "दादी म्हणते माझा आवाज चांगला आहे." "नमाजमध्ये इमाम वाचतात ते कधीकधी ओळखू येतं." ही कारणं लिहून ठेवा, पुढे तीच कामाला येतात.

महत्त्व कमी आणि जमण्याचा भरवसा जास्त असेल, तर मूल बहुधा अर्थाविना वाचनाला कंटाळलेलं असतं. रोज नमाजमध्ये म्हणतो त्या छोट्या सूरहचा अर्थ शिकवायला सुरुवात करा, फातिहापासून. महत्त्व जास्त आणि भरवसा कमी असेल, तर पाठाचा आकार आणि सुनवण्याची पद्धत बदला. दोन्ही कमी असतील तर मुद्दा कदाचित शिकण्याचा नसून घरचा किंवा वर्गातला आहे. तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

एक प्रश्न आणखी: "गेल्या काही दिवसांत कधी बरं गेलं? त्या दिवशी वेगळं काय होतं?" बरा गेलेला दिवस जवळजवळ प्रत्येकाकडे असतो. त्या दिवशी ताई शेजारी बसली होती, किंवा सबक फज्रनंतर केला होता, किंवा मोबाईल चार्जिंगला होता. नवीन उपाय शोधण्यापेक्षा हाच पुन्हा घडवणं सोपं.

५. आता नसीहत, आणि तीही विचारून

"एक गोष्ट सांगू का? पटलं तर घे." इतकंच विचारायचं. मूल "हो" म्हणतं आणि ऐकण्याची तयारी बदलते. सांगून झाल्यावर पुन्हा त्याच्याकडे या: "तुला काय वाटतं?"

हदीस निवडताना मुलाची अवस्था बघा. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी हजरत आयशा यांची बुखारी-मुस्लिममधली रिवायत आहे: जो कुरआन अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट अज्र (पुण्य). ती सांगा आणि थांबा. "बघ, दुप्पट मिळतंय, मग का वाचत नाहीस?" असं शेपूट जोडलं की बशारतचाच (खुशखबरीचाच) ओरडा होतो.

हिफ्जच्या मुलांना विसरण्याची फार भीती घातली जाते. परिणाम असा की मूल विसरलेलं लपवतं, सुनवण्याच्या दिवशी पोट दुखतं, आणि कच्ची मंज़िल आणखी कच्ची होते. हजरत अबू मूसा यांची बुखारी-मुस्लिममधली रिवायत सांगते की कुरआनची उजळणी करत राहा, तो बांधलेल्या उंटापेक्षाही वेगाने निसटतो. निसटणं इथे गृहीतच धरलं आहे आणि उपाय उजळणी हा दिला आहे. हे मुलाला नीट समजावलं की लपवण्याचं कारण उरत नाही.

सावधान: जहन्नमची भीती घालून उद्याचा सबक मिळेल, पण पुढच्या वर्षी ते मूल मिळेलच असं नाही. "सोपं करा, अवघड करू नका, खुशखबर द्या, नफरत निर्माण करू नका" हा बुखारी-मुस्लिममधला आदेश शिकवणाऱ्यांनाच आहे.

६. छोटी योजना, वेळेला बांधलेली

"आजपासून मन लावून करेन" ही योजना नाही. "मगरिबची नमाज झाली की जानमाज़ (नमाजची चटई) गुंडाळण्याआधी तीन आयती तीनदा" ही योजना आहे. आधीच पक्क्या असलेल्या सवयीला नवीन काम बांधायचं. पाच वक्तांची नमाज असल्याने यासाठी खुंट्या आयत्याच मिळतात. वाक्य मुलाकडूनच तयार करून घ्या आणि त्याच्याच हाताने लिहून घ्या.

मंज़िल साचली असेल तर नवीन सबक दोन आठवडे निम्मा करा, गरज पडली तर थांबवा. इथे उस्तादांचाच धीर सुटतो, कारण वेळापत्रक मागे पडतं आणि पालक पारे मोजत असतात. तरी करा. कच्च्यावर नवीन चढवत गेलात तर सहा महिन्यांनी सगळंच उतरवावं लागेल.

चुकलेल्या दिवसाचं काय, हेही आधीच ठरवा: "एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही, नेहमीचंच." दुप्पटीच्या नियमाने दोन दिवसांत मूल पळतं. अल्लाहला सगळ्यात प्रिय ते काम जे सातत्याने होतं, थोडं का असेना, ही हदीस इथे शोभते.

बक्षिसांबद्दल. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायची ज्यांना मुळातच आवड होती त्यांतल्या काहींना "काढलंत तर बक्षीस" असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. तेव्हा ज्याला आवड आहे त्याला प्रत्येक पानामागे चॉकलेट लावू नका. ज्याला अजून आवडच नाही त्याला सुरुवातीला छोटं निमित्त द्यायला हरकत नाही, पण पुढे ते काढून घ्यायचं आहे हे लक्षात ठेवा. भिंतीवरचे क्रमांकांचे तक्ते मात्र काढूनच टाका. त्यांनी पहिल्या तिघांचं भलं होतं आणि उरलेल्यांचं नुकसान.

तपासा: योजना मुलाला न बघता सांगता येते का? येत नसेल तर ती अजून तुमचीच आहे.

७. पालकांशी बोलण्याआधी मुलाला विचारा

"उद्या अब्बा येणार आहेत. मी त्यांना काय सांगू, काय नको?" हे विचारल्याशिवाय पालकांना भेटू नका. भेटीत आधी एक खरी चांगली नोंद सांगा, मग अडचण, मग योजनेतला त्यांचा वाटा. वाटा एकच आणि ठोस असू दे: मगरिबनंतर दहा मिनिटं टीव्ही बंद.

मुलाने हाफिज व्हावं ही मन्नत काही घरांत त्याच्या जन्माआधीच झालेली असते. ती इच्छा पवित्र आहे, पण ती आई-वडिलांची आहे. त्यांना हळूच विचारा: "हाफिज झाला नाही पण कुरआनवर प्रेम करणारा, नमाज पढणारा माणूस झाला, तर चालेल?" पुष्कळदा वडील थोडा वेळ गप्प बसतात आणि मग "हो" म्हणतात. तेच त्यांना मुलासमोर बोलायला सांगा.

८. शंका आली तर घाबरू नका

किशोरवयीन मुलं विचारतात, "अल्लाह माझी दुआ ऐकतच नाही, मग मागायची कशाला?" याला लगेच तकदीरवर (नशिबावर) व्याख्यान द्यायचं नाही. "कोणती दुआ मागितली होतीस?" विचारा. उत्तर बहुतेक वेळा आजोबांच्या आजाराचं, आई-वडिलांच्या भांडणाचं, एखाद्या परीक्षेत नापास झाल्याचं असतं. आधी त्या दुःखाजवळ बसा. अकीद्याचं (श्रद्धेचं) उत्तर नंतर द्या, आणि येत नसेल तर "मी आलिमांना विचारून सांगतो" म्हणा आणि खरोखर सांगा. "असं विचारायचं नसतं" म्हटलं की प्रश्न संपत नाही, तो दुसऱ्या कुणाकडे जातो.

९. फेरतपासणी, आणि कधी पुढे पाठवायचं

आठवड्याने पाच मिनिटं: त्याच दोन मोजपट्ट्या, "मागच्या वेळी ४ होतं, आज?" आकडा घसरला तरी रागावू नका, योजनेतलं काय जमलं नाही ते शोधा आणि योजना लहान करा. तीन-चार आठवड्यांत काहीच हललं नाही, तर पहिल्या टप्प्यातल्या नोंदी पुन्हा काढा.

काही गोष्टी मात्र थांबण्यासारख्या नाहीत. पूर्वी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतून मन उडणं, झोप आणि भूक बिघडणं, जगण्याबद्दल निराशेचं बोलणं, अंगावर माराच्या खुणा. यात मक्तबच्या पातळीवर प्रयोग करत बसू नका. त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीशी बोला आणि बालसंरक्षणाच्या यंत्रणेला किंवा डॉक्टरांना कळवा.

एक लक्षण दीनदारी समजून निसटतं. मूल वज़ू पुन्हा पुन्हा करतं, नियत बरोबर झाली की नाही म्हणून तकबीर (नमाज सुरू करताना म्हणायचं 'अल्लाहु अकबर') मोडून परत बांधतं, एकच आयत वीसदा म्हणतं, कपडे पाक आहेत ना असं दर पाच मिनिटांनी विचारतं. आपण कौतुक करतो, नाहीतर "वसवसा (सैतानी शंका) आहे, लाहौल पढ" म्हणून सोडून देतो. हे तासन्‌तास चालत असेल आणि मूल त्यात पिचत असेल, तर तो मंत्रचळ हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. "हो, पाक आहे" असं दर वेळी सांगत राहिल्याने तो वाढतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. सोबत समजूतदार आलिमांचा स्पष्ट फतवा असू दे की एकदा केलेला वज़ू पुरेसा आहे, कारण डॉक्टरांचं ऐकताना आपण दीन सोडतोय असं मुलाला वाटता कामा नये.

पाठवताना घरच्यांना आजाराचं नाव सांगू नका, ते ठरवणं तुमचं काम नाही. काय दिसलं, किती दिवसांपासून आणि किती वेळ, एवढं वहीतून वाचून दाखवा. उपचार सुरू असताना मुलाचं नाव हजेरीतून काढू नका. सबक बंद ठेवावा लागला तरी त्याची बसायची जागा तशीच ठेवा, आणि ते येईल त्या दिवशी सुनवायला न लावता फक्त ऐकायला बसू द्या.